आधीचे मालक, नंतरचे भाडेकरू

रविवार, ९ नोव्हेंबर. सकाळपासून हातात खडू घेऊन घरभर फिरते आहे. घर विकायचं आहे. त्याआधी काय दुरुस्त करायचं आणि काय तसंच सोडायचं, हे आज ठरायला हवं. दुरुस्त करायचं त्यावर फुली, सोडायचं त्यावर गोल. मागोमाग मिस्त्री. त्याच्या मते अख्ख्या घरावर एकच मोठी फुली मारून मी बाजूला व्हावं.

"वैनी, जिन्याचा कठडा हलतोय."

"हलू दे."

"गिऱ्हाईक धरंल की."

"धरलं की त्याला कळेल, हलतोय. गोल."

"आणि ही खिडकी? लावताना कुईं करती."

"करू दे. गोल."

पाण्याच्या टाकीखालचा लोखंडी अँगल मात्र आतून गंजलाय. वरून रंग झकास आहे. तिथं मी फुली मारली तेव्हा मिस्त्री थांबला. "ते कोण बघणार हाय वैनी?"

"म्हणूनच."

हे शास्त्र माझं नाही. ज्यांनी आम्हाला हे घर विकलं, त्या काकांचं आहे. जन्मभर ते बस डेपोत मेकॅनिक होते आणि घराकडंही बसकडं बघावं तसंच बघायचे. खोट दोन जातीची असते, असं त्यांचं म्हणणं. एक बोलकी, एक मुकी. "खडखडणारी गाडी पोचती. गपगार चालणाऱ्या गाडीचा बिरेक बघा आधी." बोलकी खोट स्वतःच सगळ्यांना सांगत असते, तिच्यावर पैसा घालायचा नाही. मुकी खोट त्याच दिवशी काढायची. जग नेमकं उलटं करतं, खडखड बंद करून गाडी गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतं, हे त्यांचं आवडतं गाऱ्हाणं होतं.

त्यामुळे त्यांचं घर दिसायला भयाण होतं. पोपडे, गळके नळ, तिरक्या खिडक्या. आणि ते विकलं जात नव्हतं, यात नवल नाही. पण खरं कारण वेगळंच होतं, ते आम्हाला पहिल्याच भेटीत कळलं.

आम्ही घर बघायला आलो. लग्नाला चार वर्षं झालेली, नवरा कॉलेजात क्लार्क, लाजाळू माणूस. काकांनी दार उघडलं, आम्हाला आपादमस्तक बघितलं आणि दोरीवरचा टॉवेल ओढून नवऱ्याच्या हातात दिला.

"पावणं, अंघोळ करून घ्या."

"नको नको, आम्ही करून आलोय."

"आसंल. हितं न्हाय केलेली. घर बघून कळत न्हाय पावणं. घरात अंघोळ करावी लागती."

नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, जावा. मला उत्सुकता होती. तो गेला. आत तांब्याचा आवाज सुरू झाला. काका मोरीच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसले, डॉक्टरसारखे.

"पाणी तुंबलं का?"

आतून बारीक आवाज आला, "हो."

"घोट्यापतूर?"

"हो."

"मग बरोबर हाय. तेवढंच तुंबतं, त्याच्यावर जात न्हाय. कडी निसटली का?"

"अजून नाही."

"निसटंल. बाहेर येताना हात लावून धरा."

कडी निसटली. नवरा टॉवेलवर, कडी हातात, असा बाहेर आला. काकांनी ती कडी घेतली, खिळ्यात परत अडकवली आणि मला म्हणाले, "आता चहा घ्या. ह्या घरात ह्याच्याहून वाईट काय व्हायचं न्हाय." आमच्या आधी म्हणे सातआठ कुटुंबं येऊन गेली होती. बहुतेक जण टॉवेल बघूनच परत गेले. एक प्राध्यापक साबण कुठला आहे असं विचारून गेले ते आलेच नाहीत.

आम्ही घर घेतलं. मला त्या घरापेक्षा तो माणूस पटला होता, असं कुणी म्हणेल. तसं काही नाही. आमच्या ऐपतीत नदीच्या अंगाला तेवढं एकच घर होतं.

खरेदीखत झालं त्या दिवशी काका कचेरीतून आमच्याबरोबरच रिक्षात बसले आणि वाटेत म्हणाले, "मागची खोली भाड्यानं देताय का?"

"कुणाला?"

"मला."

त्यांना मागंपुढं कुणी नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, शाहूवाडीकडं एक पुतण्या. मला वाटलं, घराचा लळा सुटत नसेल. तसं विचारलं तर ते माझ्यावरच उखडले. "लळा कसला. पंचवीस वर्षं वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी माझं डोकं खाल्लं. हे गळतंय, ते तुंबतंय. आता जरा आपण खाऊन बघतो."

आणि त्यांनी खाल्लं. दुसऱ्याच दिवशी सकाळी पुढच्या दाराची कडी वाजली. मागच्या खोलीतून स्वयंपाकघरात यायला आतून दार होतं, पण ते घराला वळसा घालून गल्लीतून आले होते. डोक्यावर पांढरी टोपी.

"मालक, मोरी तुंबती."

नवरा चक्रावला. "काका, ती तुम्हीच तर दाखवली होती. मला आत घालून."

"तवा मालक मी होतो. मालकाला तुंबलेलं दिसत न्हाय. भाडेकरूला दिसतं. कधी करताय?"

नवऱ्याला त्यांनी त्या दिवसापासून कधी नावानं हाक मारली नाही. मालक. मी मालकीणबाई. आणि टोपी म्हणजे तक्रार. टोपी घालून आले की बसायचे नाहीत, पाणी घ्यायचे नाहीत. "भाडेकरूनं बसू न्हाय. बसला की तक्रार सैल पडती." तक्रार सांगून झाली की परत वळसा घालून जायचे, टोपी काढायचे आणि आतल्या दारानं चहाला यायचे. मग स्टुलावर बसून आम्हाला अगदी जिव्हाळ्यानं सांगायचे, "ती मोरी दुरुस्त करू नका बरं का. पैसा वाया. बोलकी खोट हाय ती."

"अहो, पण आत्ता तुम्हीच म्हणालात, दोन दिवसांत करा."

"आत्ता टोपी होती."

नवऱ्याला याचा त्रास व्हायचा. मला नाही. मी लवकरच शिकले की एकच गोष्ट त्यांना दोनदा विचारायची, टोपीसकट आणि टोपीशिवाय. दोन्ही उत्तरं जुळली तर खर्च करायचा. तीन वर्षांत ती एकदाच जुळली, असं मला तेव्हा वाटलं होतं. एका दुपारी ते टोपीविना आले, फ्रीजच्या मागच्या भिंतीवरच्या बटणांपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "पंखा खडखडतोय, ऱ्हाऊ दे. हे गप हाय. हे आजच." मग गेले, टोपी घालून पुढच्या दारानं आले आणि तेच म्हणाले. वायरमन आला. अर्थिंगची तार आतल्या आत तुटलेली होती. वायरमन काम संपवेपर्यंत काका फ्रीजसमोर हात पसरून उभे होते आणि मला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नव्हते. मी म्हटलं, "काका, दूध उतू जाईल." म्हणाले, "जाऊ दे. बोलतंय न्हवं ते."

आता भोकाचं सांगते, कारण सगळं त्यावर अडलं आहे.

आमच्या घराची फरशी मागं उतरती आहे. मागच्या खोलीच्या बाहेरच्या दाराला गुडघ्याला येईल एवढा दगडी उंबरा आहे, आणि त्याच्या शेजारी भिंतीत, अगदी फरशीच्या पातळीला, मूठ जाईल एवढं भोक. काकांच्या काळी त्यात चिंध्यांचा बोळा असायचा. मी पहिल्याच महिन्यात विचारलं, हे कशाला?

"उंदरांना जाया-यायला."

"मग बुजवूया."

"नगा. उंदीर कुठनं जायाचं मग?"

ते टोपी घालून आले तेव्हा विचारलं, तरी तेच उत्तर. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं; दोन्ही उत्तरं जुळली होती. पण उंदरांसाठी दार ठेवणाऱ्या माणसाचं कोण मनावर घेतं.

मग एका दिवाळीत नवऱ्याचा संयम संपला. त्यानं रजा टाकली, मिस्त्री आणला आणि घरात जे जे म्हणून बिघडलेलं होतं ते सगळं करून घेतलं. मोरी, कड्या, नळ, खिडक्या. शेवटी भोक. काका हातात चहाचा ग्लास घेऊन मिस्त्रीच्या डोक्यावर उभे होते. नवरा म्हणाला, "काका, काही म्हणायचंय का?"

"मी भाडेकरू माणूस. मला काय इचारताय." आणि मिस्त्रीला म्हणाले, "चांगलं घट्ट मुजीव बाबा. परत उपसायला लागू ने."

पुढचा आठवडाभर ते घरात हिंडत होते. नळ उघडायचे, बंद करायचे, कान लावायचे. खिडकी लावायचे, परत उघडायचे. कुठंच आवाज नाही. मग एका सकाळी पुढच्या दाराची कडी वाजली. टोपी होती.

"मालक, खोली सोडतो."

"का काका? आता तर सगळं नीट झालंय."

"त्येच की. आता माझं हितं काय काम." शाहूवाडीला पुतण्याकडं जाणार म्हणाले. तिकडं पाऊस दाबून असतो, आणि पुतण्याचं छप्पर दोनतीन ठिकाणी गळतं असं ऐकलं होतं. हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर, सासुरवाडीला दिवाळसणाला निघालेल्या जावयाचं तेज होतं.

ते गेले आणि पुढच्या पावसाळ्यात नदी आत आली. ते राहत होते तोवर तिनं दम धरला होता. पाणी कमरेइतकं चढलं. आम्ही सामान वर नेलं, वरच्या मजल्यावर बसून राहिलो. ते सगळ्यांचंच होतं, त्याचं काही नाही. पण नदी उतरली, गल्ली मोकळी झाली, लोक खराटे घेऊन चिखल काढायला लागले, आणि आमच्या घरात मागच्या बाजूला गुडघाभर पाणी तसंच. उंबरा बाहेर जाऊ देईना. बादल्यांनी उपसून हात भरून आले. फरशीखालून झिरपून परत तेवढंच. वास सुटला.

मी काकांना फोन लावला.

"काका, पाणी आत अडकलंय."

"भोक?"

"बुजवलं की. तुमच्यासमोरच."

पलीकडून हसू. घसा खाकरत, खोकत, दम लागेपर्यंत हसू. "आता कळलं न्हवं उंदीर कुठनं जात हुते?"

"तुम्ही सांगितलं का नाही?"

"पाण्यासाठी हाय म्हटलं आसतं तर घर घेतलं आसतंसा?"

मी विचार केला. "नसतं घेतलं."

"मग. पहार हाय का घरात?"

"आहे."

"मग फोडा की मालकीणबाई. घर कुणाचं हाय?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की सगळी बोलकी खोट पाव्हण्याला अंघोळ घालून दाखवणाऱ्या या माणसानं एकच मुकी खोट लपवली होती, आणि तीच सगळ्यात मोठी. मला रागही आला आणि थोडं कौतुकही वाटलं. नवरा पहार घेऊन भिडला. भोक पडलं तसं पाणी असं सुसाट निघालं की संध्याकाळपर्यंत फरशी दिसायला लागली. त्यानंतर दोनदा नदी येऊन गेली. दोन्ही वेळा भोकानं काम चोख केलं. आता त्याला जाळी आहे.

काका शाहूवाडीलाच वारले. पुतण्या सांगत होता, शेवटच्या पावसाळ्यात त्यांनी गळक्या छपराखाली मुद्दाम पितळी पातेलं ठेवायला लावलं होतं. प्लॅस्टिकच्या बादलीत पडलेलं ऐकू येत नाही म्हणून.

तर आजचं. नवऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालंय. वरचा मजला त्याला चढवत नाही, आणि खाली राहिला तर पावसाळ्यात पाणी चढायला लागलं की त्याला कोण उचलणार? मी एकटी नाही उचलू शकत, आणि दरवेळी गल्ली धावून येईलच असं नाही. उंचावरच्या वस्तीत लिफ्ट असलेला फ्लॅट बघून ठेवलाय, इसार दिलाय. हे घर महिनाअखेर विकलं नाही तर तो फ्लॅट जातो आणि पुढचा पावसाळा इथंच काढावा लागतो. गिऱ्हाईक एकच टिकलंय. तरणं जोडपं, मंगळवार पेठेत भाड्यानं राहतं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये असते, त्याचं पंपाच्या सुट्या भागांचं दुकान. गेल्या रविवारी येऊन गेले. कठड्यावर हसले, खिडकीवर हसले, घर आवडलं म्हणाले. उद्या सकाळी दहाला पक्कं करायला येणार आहेत. एकच अट. मागच्या भिंतीतलं ते भोक बुजवून द्या. ती म्हणाली, "साप-बीप यायचा."

आणि जाता जाता तिनं विचारलं, "पाणी येतं का इथं?"

नवरा म्हणाला, "गल्लीच्या तोंडापर्यंत."

आमच्या गल्लीत सगळे हेच सांगतात. आमच्या गल्लीत पाणी कुणाच्याच घरात येत नाही. फार तर शेजारच्या घरात येतं.

मिस्त्रीनं मघाशी वाळूसिमेंट कालवलं आणि भोकापाशी उकिडवा बसून म्हणाला, "वैनी, फुली का गोल?"

खाटेवरून नवरा म्हणाला, "फुली. त्यांचीच अट आहे. त्यांनी मागितलं, आपण दिलं. त्यात खोटं काय?"

"त्यांनी पाण्याचंही विचारलंय."

"त्याचं उत्तर दिलंय मी."

"तेच म्हणते."

"तू आता हरिश्चंद्र होऊ नकोस. काकांनी सांगितलं होतं का आपल्याला?"

"नाही."

"मग?"

"मग आपण पहार घेतली होती. तेव्हा तुमचा खुबा धड होता, आणि मला फोन लावायला एक माणूस होतं. उद्या ह्या दोघांनी आपल्याला फोन लावला तर मी काय सांगू? हसू?"

मला त्याच्यावर रागवायचं नव्हतं. पावसाळ्यात दोन माणसांच्या खांद्यावरून जिना चढायची पाळी त्याच्यावर येणार आहे, माझ्यावर नाही. मिस्त्री कालवलेल्या मालाकडं बघत होता. माल वाळत चालला होता. मी त्याला म्हटलं, तेवढा माल टाकीखालच्या भिंतीला वापर आणि घरी जा. नवऱ्यानं भिंतीकडं तोंड फिरवलं. संध्याकाळी जेवताना एवढंच म्हणाला, "गेलं गिऱ्हाईक तर मला सांगायला येऊ नकोस."

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी नऊला मी मागची खोली रिकामी केली. भोकात जुन्या परकराचा बोळा दाबून बसवला आणि अंगणातला पाइप खिडकीतून आत सोडला. नवरा पुढच्या खोलीतून ओरडला, कसला आवाज आहे? मी म्हटलं, नदी आलीये. दहाला ती दोघं आली तेव्हा मागच्या खोलीत नडगीपर्यंत पाणी होतं. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा. तो उंबऱ्यात थिजला.

"काकू, पाइप फुटला का?"

"नाही. मीच भरलंय. मोठ्या पुरात या घरात पाणी येतं. मागनं येतं, आधी मोरीत बुडबुडे दिसतात. तेव्हा सामान वर न्यायचं, वरचा मजला कोरडा राहतो. उतरताना पाणी इथं अडकतं. ते ह्या भोकातनं जातं. म्हणून मी ते बुजवणार नाही. तुम्ही घर नाही घेतलंत तरी चालेल." शेवटचं वाक्य खोटं होतं, पण ते म्हणून टाकलं.

तो म्हणाला, "पण पुढच्या खोलीतले काका तर म्हणाले होते, तोंडापर्यंतच..."

"ह्यांना जिना चढवत नाही. त्यांना घाई आहे."

तो बायकोकडं बघायला लागला. तिनं चपला काढल्या, पायजमा वर दुमडला आणि पाण्यात उतरली. मी बोट दाखवलं तिथं वाकून तिनं बोळा ओढला. पाणी गुरगुरत निघालं. ते कसं जातंय ते ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली, लॅबमध्ये बघत असेल तसं.

"आमच्या दोनतीन मैत्रिणींनी नदीकडं घरं घेतली," ती म्हणाली. "सगळ्यांना गल्लीच्या तोंडापर्यंतच सांगितलंतं." मग म्हणाली, "मोठ्या पुरात किती येतं?"

"कमरेइतकं."

"तुमच्या का माझ्या?"

मी तिच्याशेजारी पाण्यात जाऊन उभी राहिले. ती माझ्याहून चांगली वीतभर उंच होती.

"माझ्या," मी म्हटलं.

तिनं मान हलवली आणि नवऱ्याला म्हणाली, "तो पुडा ठेव तिथं. वरचा मजला परत बघूया. ह्या वेळी नीट बघ, फ्रीज कुठं बसंल ते."

दोघं जिना चढायला लागली. मी खराटा घेतला आणि कोपऱ्यात उरलेलं पाणी भोकाकडं ढकलायला लागले.